कॉग्निटिव्ह सायन्स आणि लँग्वेज टेक्नॉलॉजी शिकून डेटा ॲनालिस्ट झालात, तर ते शिक्षण नेमकं कुठे कामी येतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की एमए कॉग्निटिव्ह सायन्समध्ये (माणसाचं मन विचार कसा करतं त्याचा अभ्यास) केलं, त्यात लँग्वेज टेक्नॉलॉजीचे (कॉम्प्युटरने भाषा हाताळण्याचे) पेपर घेतले, आता दीड वर्ष डेटा ॲनालिस्ट म्हणून काम करताय, दिवसभर एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि डॅशबोर्ड (आकड्यांचे चार्ट दाखवणारं पान), टीममध्ये बाकी सगळे कॉम्प्युटर नाहीतर स्टॅटिस्टिक्सवाले, आणि त्यामुळे वाटायला लागलंय की शिकलेलं सगळं वाया गेलं. इंटरव्ह्यूमध्ये "याचा इथे काय उपयोग" असं विचारलं की काय बोलायचं तेच सुचत नाही. मी याच वाटेने आलेय, तेरा वर्षं झाली या कामात, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

वाया काही गेलेलं नाही, पण ते आपोआप दिसत नाही हेही खरं. कारण बाकीच्यांचं ज्ञान टूलच्या नावाने सांगता येतं आणि आपलं तसं सांगता येत नाही. आपण जे शिकलो त्यातलं कामाचं एवढंच की टेबलमध्ये पडलेला आकडा हा बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी बघून, वाचून, समजून किंवा न समजून, कंटाळून, घाईत घेतलेल्या निर्णयाचा शेवटचा टप्पा असतो. बहुतेक ॲनालिस्ट तिथून पुढे कामाला लागतात. आपल्याला त्या आकड्याच्या आधी काय घडलं ते विचारायची सवय लावलेली असते. ही सवय कुठे कुठे पैसे वाचवते ते उदाहरणांनीच सांगते, नुसतं सांगून पटणार नाही.

माझ्या पहिल्या नोकरीत ग्राहकांच्या तक्रारी यायच्या आणि सपोर्टची मंडळी त्या वाचून "गंभीर" किंवा "साधी" असा टॅग लावायची. एका महिन्यात १००० तक्रारींपैकी १०० गंभीर, पुढच्या महिन्यात तक्रारी तेवढ्याच पण गंभीर १८० (समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केलेत). मिटिंगमध्ये एकच गडबड, प्रॉडक्ट बिघडलं, नवीन व्हर्जन मागे घ्या, कोण जबाबदार वगैरे. मी नवीन होते पण मला राहून राहून वाटत होतं की हा टॅग म्हणजे काही थर्मामीटरचं रीडिंग नाही, हा एका माणसाने घेतलेला निर्णय आहे, आणि निर्णय दोन गोष्टींनी बदलतो, एकतर समोरची गोष्ट बदलली म्हणून नाहीतर माणसाचा "हो" म्हणण्याचा उंबरठा बदलला म्हणून. मग दोन्ही महिन्यांच्या तक्रारी टॅग झाकून दोन अनुभवी लोकांकडून परत वाचून घेतल्या, चार दिवस गेले त्यात. खरोखर गंभीर तक्रारी दोन्ही महिन्यांत ८०च निघाल्या. आधीच्या महिन्यात सपोर्टने त्यातल्या ६० पकडल्या होत्या आणि उरलेल्या ९२० साध्या तक्रारींपैकी ४० चुकून गंभीर म्हणून टाकल्या होत्या. नंतरच्या महिन्यात ७२ पकडल्या आणि १०८ चुकून टाकल्या. बेरीज करा, १०० आणि १८० बरोब्बर येतात.

आता यातून सिग्नल डिटेक्शनचा डी-प्राइम काढा (उंबरठा बाजूला ठेवून, दोन गोष्टी वेगळ्या ओळखायची क्षमता किती ते सांगणारा आकडा), तुम्ही पहिल्याच वर्षी शिकला असाल. बरोबर पकडण्याचं प्रमाण ७५ टक्के, चुकीचा इशारा ४.३ टक्के, दोन्हींचे झेड (नॉर्मल कर्व्हवरची त्या टक्क्यांची जागा) काढून वजाबाकी केली की साधारण २.४ येतं. दुसऱ्या महिन्यात ९० टक्के आणि ११.७ टक्के, त्याचंही साधारण २.५. म्हणजे गंभीर आणि साधं वेगळं ओळखण्याची क्षमता जवळपास होती तशीच, फक्त उंबरठा खाली आला होता. चौकशी केल्यावर कळलं की महिन्याच्या सुरुवातीला सपोर्टच्या टीमला वरून मेल गेला होता की एकही गंभीर तक्रार सुटता कामा नये. साहजिक आहे, असा मेल आला की कुणीही शंका आली तरी "गंभीर"च दाबणार. प्रॉडक्टला काही झालेलं नव्हतं. व्हर्जन मागे घेतलं असतं तर एक चांगला बदल फुकट गेला असता आणि गंभीर तक्रारी तेवढ्याच राहिल्या असत्या.

हे गणित टॅनर आणि स्वेट्स यांनी १९५४ मध्ये डोळ्याने मंद प्रकाश ओळखण्याच्या प्रयोगांसाठी मांडलं, त्याची मुळं रडारच्या कामात आहेत, आणि आज मशीन लर्निंगवाले मॉडेल तपासायला जो आरओसी कर्व्ह (उंबरठा हलवला की बरोबर पकडणं आणि चुकीचे इशारे कसे बदलतात तो आलेख) काढतात तो तिथलाच आहे. तुमच्या टीममधल्या लोकांना आरओसी येतो, पण तो ते मॉडेलला लावतात, टॅग लावणाऱ्या माणसांना लावायचं त्यांच्या डोक्यात येत नाही. तुमच्या डोक्यात ते आधी येईल, एवढाच फरक, पण हा फरक फार मोठा आहे. रिव्ह्यूचे स्टार, डॉक्टरचा शेरा, मॉडरेटरने उडवलेली पोस्ट, सेल्सवाल्याने "हा ग्राहक घेईल" म्हणून लावलेली खूण, सगळीकडे हेच लागू होतं.

आता भाषेकडे येते. तुम्ही लँग्वेज टेक्नॉलॉजी शिकलाय म्हणजे तुम्हाला माहितीये की मजकुराचा आकडा होताना मधे बरंच काही सांडतं, पण बाकीच्यांना ते सांडताना दिसत नाही कारण कोड एरर देत नाही. आमच्याकडे एका सहकाऱ्याने मराठी फीडबॅकमधले सगळ्यात जास्त येणारे शब्द काढले. चार्ट सुंदर. पहिल्या नंबरावर "मत", मग "परत", मग "खर", "बद", "दल". त्यावर निष्कर्ष लिहून तयार की ग्राहकांना आपलं मत मांडायची जागा हवी आहे. मला "खर" आणि "बद" बघून शंका आली, हे काही मराठी माणूस लिहीत नाही.

झालं असं होतं की पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधायची सोय) "शब्दातलं अक्षर" ओळखायचा जो शॉर्टकट आहे तो स्वर-व्यंजनं धरतो पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांना अक्षर समजत नाही, कारण युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना नंबर देणारं मानक) ती वेगळ्या वर्गातली चिन्हं आहेत. त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. त्यात सायकिट-लर्न या पायथॉन लायब्ररीतल्या काउंटव्हेक्टरायझरची, म्हणजे शब्द मोजणाऱ्या टूलची, मूळ सेटिंग अशी की एका अक्षराचा तुकडा टाकून द्यायचा. आता "किंमत" हा शब्द घ्या, क सुटा पडला म्हणून गेला, वेलांटी आणि अनुस्वार गेले, उरलं "मत". "बद्दल"चे झाले "बद" आणि "दल". "खराब"चं उरलं "खर". आणि "पैसे परत मिळाले नाहीत" हे अख्खं वाक्य टाकलंत तर पैसे गायब, मिळाले गायब, नाहीत गायब, उरतो फक्त "परत". लोक कळवळून सांगत होते की किंमत जास्त आहे आणि पैसे परत मिळत नाहीत, आणि आमच्या चार्टवर दिसत होतं मत आणि परत. हा दोष दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात, स्पेस आणि विरामचिन्हांवर तोडा किंवा मात्रांनाही शब्दात धरणारं दुसरं रेजेक्स मॉड्यूल घ्या, झालं. पण तो दिसायला लागतो, आणि तो ज्याने भाषा हा विषय म्हणून हाताळलाय त्याला दिसतो.

असंच अजून एक, हे तर मी आजही दर प्रोजेक्टमध्ये तपासते. "ॲप" हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात ॲ हे एकच चिन्ह असतं, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि दुसऱ्यात साधा अ आणि त्यावर वेगळा चंद्र. बहुतेक स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द. आणि नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत, ते आपल्यालाच बदलून घ्यावं लागतं. ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ तर वेगळेच. म्हणून मी कुठल्याही मजकुराच्या कॉलमवर पहिल्यांदा एकेका चिन्हाची मोजणी करते, कुठली चिन्हं किती वेळा आली एवढंच, दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यात लपलेले झीरो-विड्थ जॉइनरसुद्धा (डोळ्यांना न दिसणारी जोडचिन्हं) सापडतात.

मग विभक्तीचा प्रश्न. कुणी "पैसे" शब्द शोधून पैशांच्या तक्रारी मोजल्या तर "पैशांचं काय झालं", "पैशासाठी चार वेळा फोन केला" या सगळ्या सुटतात, कारण सामान्यरूपात स चा श झाला. "माणूस" शोधलात तर "माणसाने फोन उचलला नाही" सापडणार नाही. इंग्रजीत शेवटचं एखादं अक्षर कापून भागतं बऱ्याचदा, आपल्याकडे मूळच बदलतं. आणि स्टॉपवर्डची (मोजणीतून गाळायच्या शब्दांची) यादी कुठूनतरी उचलून लावली असेल तर ती आधी उघडून वाचा, मी अशा याद्या बघितल्यात ज्यात "नाही" आहे. "नाही" काढून टाकलं की "आवडलं नाही" आणि "आवडलं" एकच झालं, मग त्यावर भावना मोजायचं मॉडेल लावून काय करणार.

एम्बेडिंग (शब्दांच्या अर्थाचे आकडे बनवणं) वापरलं की हे सगळं सुटतं असं लोकांना वाटतं. काही सुटतं, नाही असं नाही. पण २०१३ च्या वर्ड-टू-व्हेक या एम्बेडिंगच्या पद्धतीपासून एक गोष्ट कायम आहे की ही पद्धत शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून लावते, आणि "स्वस्त" आणि "महाग" यांचे शेजारी जवळपास सारखे असतात, त्यामुळे ते एकमेकांच्या जवळ जाऊन बसतात. नवीन मॉडेल अख्खं वाक्य बघतात म्हणून त्यांच्यात हे कमी होतं, संपत नाही. क्लस्टर (सारख्या मजकुराचे गट) काढलात तर "किंमत" नावाच्या एका ढिगात खूष लोक आणि चिडलेले लोक एकत्र सापडतील. विषयाने गट पडतात, मताने पडतीलच असं नाही, हे क्लस्टरचा चार्ट दाखवायच्या आधी सांगून टाकत जा.

आता माणसांनी लावलेल्या लेबलांचं. हल्ली लेबलं लावायला लार्ज लँग्वेज मॉडेल वापरतात आणि मग म्हणतात मॉडेल आणि माणूस ९० टक्के जुळतात, छान आहे. यावर तुम्ही हात वर करून विचारायचं की किती टक्के जुळणं नुसत्या योगायोगाने झालं असतं. समजा १०० कमेंट आहेत, दोघांनीही त्यातल्या ९० ला "तक्रार नाही" म्हटलं. डोळे मिटून लेबलं वाटली असती तरी ०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१ म्हणजे ८२ टक्के जुळलीच असती. मग उरलेल्या १८ पैकी आपण ८ मिळवले, म्हणजे कोहेनचा कापा (योगायोग वगळून उरलेलं जुळणं) ८ भागिले १८, ०.४४. ही पद्धत १९६० पासून आहे आणि भाषेच्या कॉर्पसवर (मजकुराच्या मोठ्या संग्रहावर) काम केलेल्या प्रत्येकाला ती माहीत असते. कापा कमी आला की लगेच मॉडेलला किंवा लेबल लावणाऱ्याला दोष देऊ नका, जिथे दोघांचं जुळलं नाही त्या कमेंट वाचा. आमच्याकडे एकदा वाचल्यावर कळलं की "कधी मिळणार?" ही तक्रार धरायची की चौकशी हेच कुणी ठरवलेलं नव्हतं. सूचनांमध्ये दोन ओळी वाढवल्या, त्या बॅचचा कापा सुधारला. मॉडेलला दिलेल्या प्रॉम्प्टलाही हेच लागू, तो प्रॉम्प्ट म्हणजे लेबल लावणाऱ्याला दिलेल्या सूचनाच आहेत, फक्त वाचणारा वेगळा.

वेळ मोजण्याबद्दल थोडक्यात. तुम्ही रिॲक्शन टाइमचे (प्रतिसादाला लागणाऱ्या वेळेचे) प्रयोग केले असतील, तो डेटा कसा दिसतो आठवा, डावीकडे गर्दी आणि उजवीकडे लांबच लांब शेपूट. पेजवर घालवलेला वेळ, कॉल किती मिनिटं चालला, ऑर्डर पूर्ण करायला किती वेळ लागला, सगळे कॉलम असेच दिसतात. तिथे सरासरी काढली की टॅब उघडा ठेवून निघून गेलेली चार माणसं सगळा आकडा ओढून नेतात. मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) दाखवा, जमलं तर लॉग (लॉगॅरिदम) घेऊन बघा, आणि काही काढून टाकलं असेल तर किती काढलं ते लिहा. हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं म्हणून आपल्याला त्याची किंमत कळत नाही.

सरासरीचा याहून खोल घोळ मात्र समजून घेण्यासारखा आहे. मानसशास्त्रज्ञ विल्यम एस्टेस यांनी १९५६ मध्ये दाखवून दिलं की शिकण्याचा जो छान गोलसर कर्व्ह सगळ्यांची सरासरी काढून मिळतो तो एकाही माणसाचा असायची गरज नाही. प्रत्येक जण एका क्षणी एकदम शिकत असेल, पण तो क्षण प्रत्येकाचा वेगळा असेल, तरी सरासरी हळूहळू चढताना दिसते. रिटेन्शनचा (किती ग्राहक टिकून राहिले त्याचा) कर्व्ह अगदी असाच असतो. आमच्याकडे तो हळूहळू उतरायचा आणि सगळ्यांच्या डोक्यात चित्र असं की लोकांचा रस हळूहळू कमी होतो, म्हणून तिसाव्या दिवशी "आम्हाला तुमची आठवण येते" छापाचे मेसेज जायचे. मी ५० जणांच्या वेगवेगळ्या रेषा काढल्या, एका पानावर ५० छोटे चार्ट. रस हळूहळू कमी झालेला असा माणूस जवळपास नव्हताच. लोक रोज येत होते, येत होते, आणि एका दिवशी बंद. तो दिवस बहुतेकांचा पेमेंट पहिल्यांदा अडकल्याच्या दुसऱ्या दिवशीचा होता. तिसाव्या दिवशीच्या मेसेजला काही अर्थच नव्हता, तोवर माणूस तीन आठवड्यांपूर्वी चिडून गेलेला. हे एसक्यूएलनेच झालं, पण रेषा वेगवेगळ्या काढून बघाव्यात हे मला एसक्यूएलने शिकवलेलं नव्हतं.

आणि आता माझ्या मते आपल्या शिक्षणातली सगळ्यात मोलाची गोष्ट, जी इंडस्ट्रीत फार थोड्या लोकांना माहितीये. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्क यांचा १९७३ चा पेपर. त्यांचा मुद्दा असा होता की भाषेच्या प्रयोगात तुम्ही माणसं निवडता तसेच शब्दही निवडता, आणि निष्कर्ष जर सगळ्या भाषेबद्दल काढायचा असेल तर शब्दांमधला फरकही हिशेबात घ्यावा लागतो, नाहीतर तुमचा निष्कर्ष फक्त त्या चार शब्दांपुरता. आता हे ए-बी टेस्टवर (दोन पर्याय वेगवेगळ्या लोकांना दाखवून केलेली तुलना) ठेवून बघा. आमच्याकडे ठरलं की भावनिक मेसेज चालतात की साधे सरळ मेसेज ते बघू. दोन भावनिक मेसेज लिहिले, दोन साधे, एक लाख लोकांना पाठवले. भावनिक मेसेजवर क्लिक जास्त, पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना असा निकाल नुसत्या योगायोगाने यायची शक्यता) इतकी बारीक की सगळे खूष, यापुढे सगळे मेसेज भावनिक लिहायचे असा नियमच झाला. पुढच्या तिमाहीत नवीन भावनिक मेसेज लिहिले आणि क्लिक साध्या मेसेजपेक्षाही कमी आले. सगळ्यांना वाटलं लोक बदलले, सीझन बदलला. मला वाटतं तसं काही झालं नव्हतं, माणसांचं सॅम्पल एक लाखाचं होतं पण मेसेजचं सॅम्पल एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन, आणि त्या दोन भावनिक मेसेजपैकी एकाची पहिली ओळच इतकी चांगली जमली होती की सगळा फरक त्या एका ओळीचा होता. एक लाखाचे दहा लाख केले असते तरी हे कळलं नसतं. वीस-वीस मेसेज लिहून प्रत्येकी थोड्या लोकांना पाठवले असते आणि माणूस व मेसेज दोन्ही रँडम इफेक्ट (मोठ्या गटातून उचललेले नमुने) धरून, दोन्हींतला फरक हिशेबात घेणारं मिक्स्ड मॉडेल लावलं असतं तर कळलं असतं. मिक्स्ड मॉडेल तुम्ही सायकोलिंग्विस्टिक्समध्ये (भाषेच्या मानसशास्त्रात) शिकला असाल. मेसेज, फोटो, प्रश्न, सेल्सचा माणूस, शाखा, जिथे जिथे "वस्तू" कमी आणि "लोक" भरपूर आहेत तिथे हा प्रश्न येतोच, आणि तो विचारणारा माणूस टीममध्ये असावा असं मला फार मनापासून वाटतं.

सर्व्हेबद्दल एकच सांगते. लॉफ्टस आणि पामर यांचा १९७४ चा प्रयोग आठवत असेल, अपघाताची तीच फिल्म दाखवून गाड्या "आपटल्या" तेव्हा वेग किती होता आणि "टेकल्या" तेव्हा किती होता असं विचारलं तर उत्तरात ताशी सुमारे ९ मैलांचा फरक पडला. क्रियापद बदललं एवढंच. म्हणून मागच्या वर्षीच्या सर्व्हेशी तुलना करायच्या आधी दोन्ही वर्षांचे प्रश्न शब्दन् शब्द शेजारी ठेवून वाचत जा.

चार्ट आणि डॅशबोर्डवर आपल्याला खूप बोलावंसं वाटतं, पण तिथे जरा जपून. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांचं १९८४ चं काम, एका समान रेषेवरची जागा डोळा सगळ्यात अचूक वाचतो आणि कोन, क्षेत्रफळ, रंग त्यानंतर, हे रोज वापरा. पण मिलर यांचा १९५६ चा "सात अधिक-उणे दोन" घेऊन डॅशबोर्डवर सातच चार्ट हवेत असं कुणी म्हणालं तर थांबवा, तो आकडा डोळ्यासमोर नसलेल्या गोष्टी लक्षात ठेवण्याबद्दल आहे, चार्ट तर समोरच असतो. त्यापेक्षा टक्केवारीऐवजी माणसं मोजून सांगणं जास्त उपयोगी पडतं. फसवणूक पकडणारं मॉडेल ९० टक्के खोटे व्यवहार पकडतं आणि फक्त ५ टक्के चुकीचे इशारे देतं असं सांगितलं की सगळे माना डोलावतात. तेच असं सांगा, १००० व्यवहारांत १० खोटे, त्यातले ९ पकडले, आणि ९९० खऱ्या व्यवहारांपैकी जवळपास ५० जणांनाही विनाकारण अडवलं, म्हणजे अडवलेल्या ५९ पैकी ५० निर्दोष. आता मिटिंगमध्ये खरा प्रश्न विचारला जातो. गिगरेंझर आणि होफ्राग यांनी १९९५ मध्ये हेच दाखवलं होतं की माणसाला संभाव्यता अशी मोजून दिली की हिशेब जमतो.

आता कमी काय पडतं तेही सांगायला हवं. आपण प्रयोगात वाढलेलो, तिथे कुणाला कुठला गट द्यायचा ते आपण ठरवतो. कंपनीच्या डेटात लोक स्वतःच गट निवडून आलेले असतात, त्यामुळे कारण आणि परिणाम वेगळे करणं याचा वेगळा अभ्यास करावा लागतो, तो टाळू नका. प्रयोगात ४० माणसं असायची म्हणून सिग्निफिकन्ससाठी (फरक नुसत्या योगायोगाचा नाही हे दाखवण्यासाठी) जीव टाकायचो, इथे ४० लाख असतात आणि काहीही सिग्निफिकंट येतं, तेव्हा फरक किती मोठा आहे तेच विचारायचं. आणि टेबलं जोडताना ओळी दुप्पट होणं. मी पहिल्या वर्षी एका जॉइनमध्ये एका ग्राहकाचे दोन पत्ते आहेत हे बघितलं नाही आणि महिन्याची विक्री फुगवून सांगितली, ते निस्तरायला आठवडा गेला. तेव्हापासून प्रत्येक जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजते. एसक्यूएल इतकं पक्कं हवं की त्यावर विचार करावा लागू नये, याला पर्याय नाही.

अजून एक काळजी घ्या. आपल्या विषयातल्या गाजलेल्या गोष्टी मिटिंगमध्ये पुरावा म्हणून टाकायचा मोह होतो. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास परत करून बघितले तेव्हा मूळच्या ९७ टक्क्यांत निकाल सिग्निफिकंट होता, परत केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आला. म्हणून "माणूस असाच वागतो" असं छातीठोक सांगण्यापेक्षा "असं होत असेल, आपल्या डेटात बघूया" म्हणा. आपण पद्धत घेऊन आलोय, ती इथे जास्त टिकते.

इंटरव्ह्यूचं म्हणाल तर सिद्धांताचं नाव पहिल्या वाक्यात घेऊच नका, आणि "माझी पार्श्वभूमी बहुविद्याशाखीय आहे" हे तर अजिबात नको, त्याने समोरच्याला काहीच कळत नाही. एक घटना सांगा. आकडा काय दिसत होता, सगळ्यांनी त्याचा अर्थ काय लावला, तुम्ही कुठली गोष्ट तपासली, आणि मग निर्णय काय बदलला. चार वाक्यं. समोरचा विचारेल हे तुम्हाला कसं सुचलं, तेव्हा शिक्षणाचं सांगा, तेव्हा ते त्याच्या डोक्यात बसतं. सीव्हीवरही तसंच, "एनएलपी येतं" (कॉम्प्युटरकडून भाषा हाताळणं) लिहिण्यापेक्षा "मराठी फीडबॅकचे शब्द मात्रेपाशी तुटत होते, ते दुरुस्त करून तक्रारींचं वर्गीकरण परत केलं" असं लिहा.

तुमच्याकडे अशी घटना अजून नसेल तर ती या महिन्यात तयार करता येईल. तुमच्या टेबलांमधला असा एक कॉलम शोधा जो माणूस भरतो, स्टेटस, कारण, शेरा, रेटिंग काहीही. जो भरतो त्याच्या शेजारी तासभर बसा, मधे बोलू नका, फक्त तो काय वाचतो, कुठे थांबतो, ड्रॉपडाउनमधला पहिलाच पर्याय किती वेळा निवडतो ते लिहून घ्या. मग त्या कॉलममधल्या २०० ओळी हाताने वाचा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या कुणाकडून त्याच ओळींना लेबल न दाखवता परत लेबल लावून घ्या आणि कापा काढा. कॉलम चांगला निघाला तर तसं मॅनेजरला सांगा, तोही उपयोगी निकाल आहे. नाही निघाला, तर त्या कॉलमवर कुठले कुठले डॅशबोर्ड उभे आहेत त्याची यादी करून मगच बोलायला जा.